वार, तास आणि घड्याळ : कालवाचक इंग्रजी शब्दांची व्युत्पत्ती आणि वऱ्हाडातील कालगणना

प्रस्तावना

महाविद्यालयाच्या वेळापत्रकावर ‘सोमवार’ आणि ‘तासिका’ हे शब्द मराठीत छापलेले असतात; बोलण्यात मात्र ‘पिरियड’, ‘मिनिट’ आणि ‘सेकंद’ यांवाचून आपले चालत नाही. यासंबंधी सुशिक्षित वर्गात दोन मते वारंवार ऐकू येतात. पहिले मत असे की, सात वार हे मूळचे आपले असून पाश्चात्त्यांनी ते आपल्याकडून नेले. इतकेच काय, ‘अवर’ हा इंग्रजी शब्दही आपल्या ‘होरा’वरून, आणि ‘होरा’ हा ‘अहोरात्र’ या शब्दावरून सिद्ध झाला आहे. दुसरे मत याच्या उलट टोकाचे आहे. इंग्रजी अमलात मराठीची कालवाचक शब्दसंपत्ती भ्रष्ट झाली, तेव्हा ती शुद्ध करून घेतली पाहिजे, असे त्याचे म्हणणे असते. दोन्ही मतांच्या बुडाशी एकच गृहीत आहे. काळ मोजण्याचे शब्द ही एकेका समाजाची खाजगी मालमत्ता आहे आणि तिची ने-आण म्हणजे चोरी किंवा विटाळ होय, असे ते गृहीत. दिवस आणि वेळ यांच्याशी संबंधित इंग्रजी शब्दांची व्युत्पत्ती आणि वऱ्हाडात उपलब्ध असलेला पुरावा शेजारी शेजारी ठेवून हे गृहीत तपासण्याचा प्रस्तुत निबंधात प्रयत्न केला आहे.

वऱ्हाडातील ताम्रपटांची साक्ष

वार प्राचीन आहेत की नाहीत, हे ठरविण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेचा राजा दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट वाशीम येथे मिळाला. वाशीम त्या काळी अकोला जिल्ह्यात होते. १९९८ मध्ये तो स्वतंत्र जिल्हा झाला. चौथ्या शतकातील या ताम्रपटाची कालनोंद अशी आहे : राज्यवर्ष ३७, हेमंत ऋतूचा पहिला पक्ष, चौथा दिवस. येथे चैत्र-वैशाखादी महिन्याचे नाव नाही. वर्षाचे ऋतू, ऋतूचे पक्ष आणि पक्षातील दिवस एवढ्यावर राजशासनाचे काम भागले आहे.

यानंतर पाचव्या शतकात दुसऱ्या प्रवरसेनाने दिलेला ताम्रपट अचलपूरजवळील चम्मक येथे सापडला. त्यात राज्यवर्ष १८, ज्येष्ठ मास, शुक्ल पक्ष, त्रयोदशी अशी नोंद आहे. अमरावती जिल्ह्यातीलच रिद्धपूर येथील प्रभावतीगुप्ता हिच्या ताम्रपटात कार्तिक शुक्ल द्वादशी दिली आहे. मास आला, तिथी आली. वार मात्र येथेही नाही. हे सर्व लेख वा. वि. मिराशी यांनी वाकाटकांच्या लेखसंग्रहात (१९६३) संपादित केले आहेत आणि ते आपल्या ग्रंथालयांत पाहावयास मिळतात. जमिनीचे दान हा कायमचा दस्तऐवज. तो लिहिणाऱ्या लेखकांना वार ठाऊक असता आणि त्याला कर्मकांडात महत्त्व असते, तर तो त्यांनी गाळला असता, असे मानणे कठीण आहे.

भारतात वाराचा उल्लेख असलेला सर्वांत जुना निःसंदिग्ध कोरीव लेख मध्य प्रदेशातील एरण येथील आहे. गुप्त राजा बुधगुप्त याच्या काळातील या लेखात गुप्त संवत् १६५, म्हणजे इसवी सन ४८४, आषाढ शुक्ल द्वादशी आणि ‘सुरगुरूचा दिवस’ म्हणजे गुरुवार अशी नोंद आहे. पुढे यादवकालापर्यंत शक, संवत्सर, मास, तिथी यांच्या जोडीने वार देणे ही शिलालेखांची सर्रास रीत झाली. चौथ्या-पाचव्या शतकातील वऱ्हाडचे ताम्रपट आणि एरणचा स्तंभलेख यांच्या मधल्या पट्ट्यात वार आपल्याकडे रुळला, असे म्हणावयास हरकत नाही. वैदिक वाङ्मयात आणि वेदांगज्योतिषात तिथी, नक्षत्रे, पक्ष, अयने यांचा सूक्ष्म विचार आहे. ग्रहांवरून नाव दिलेले सात वार तेथे नाहीत. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ (१८९६) या ग्रंथात हा सर्व पुरावा मराठीतच मांडून ठेवला असताना शंभराहून अधिक वर्षांनी आपण पुन्हा ‘वार वेदकालीन’ असे विधान करतो, याचे नवल वाटते.

वारांचा क्रम कोठून आला?

रवीनंतर सोम, सोमानंतर मंगळ हाच क्रम का? आकाशात ग्रह या क्रमाने दिसत नाहीत, आणि त्यांच्या गतीचा क्रमही हा नव्हे. प्राचीनांनी ग्रह मंदगतीपासून शीघ्रगतीकडे असे लावले होते : शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र. दिवसाचे चोवीस समान भाग करून प्रत्येक भागाला या क्रमाने एकेक अधिपती द्यावयाचा आणि पहिल्या भागाचा जो अधिपती तोच त्या दिवसाचा स्वामी मानावयाचा, अशी ही योजना आहे. पहिला भाग शनीचा धरला, तर बाविसावा पुन्हा शनीचा, तेविसावा गुरूचा, चोविसावा मंगळाचा. आणि पंचविसावा, म्हणजे दुसऱ्या दिवसाचा पहिला, रवीचा येतो. शनिवारनंतर रविवार येतो तो असा. याच पद्धतीने पुढे मोजत गेल्यास सोम, मंगळ, बुध, गुरू, शुक्र ही नावे आपोआप पडतात. आर्यभटाने कालक्रियापादात हाच नियम थोडक्यात सांगितला आहे : शीघ्रगतीच्या क्रमाने चौथा येणारा ग्रह हा पुढील दिवसाचा स्वामी.

येथे एक साधे गणित करून पाहण्यासारखे आहे. आपल्या जुन्या पद्धतीत दिवसाचे साठ घटका, तीस मुहूर्त किंवा आठ प्रहर होतात. साठ घटकांना ग्रह वाटून दिले, तर शनिवारनंतर शुक्रवार येईल. तीस मुहूर्तांना दिले, तर शनिवारनंतर मंगळवार. आठ प्रहरांना दिले, तर गुरुवार. आपल्या या तीनही विभागणींतून आजचा क्रम निघत नाही. तो चोवीस भागांतून निघतो. दिवसाचे चोवीस भाग करण्याची पद्धत मूळची ईजिप्तची, ग्रहांच्या वेधांची परंपरा बाबिलोनची, आणि दोहोंची सांगड घातली गेली ती ग्रीक विद्या प्रचलित असलेल्या पूर्व भूमध्य प्रदेशात. रोमन जगात ग्रहदेवतांच्या नावांचे वार इसवी सनाच्या पहिल्या शतकात माहीत होते. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेईच्या भिंतींवर त्यांची यादी खरडलेली आढळली आहे. तेथून हे सप्तक दोन दिशांना गेले. पूर्वेला ते व्यापारी आणि ज्योतिषी यांच्याबरोबर आपल्याकडे आले, आणि उत्तरेला रोमन सैन्याबरोबर जर्मानिक टोळ्यांकडे गेले.

दोन्हीकडे घडले ते मात्र विलक्षण सारखे आहे. आपल्या पूर्वजांनी परकी देवनामे जशीच्या तशी न घेता प्रत्येक ग्रहाला आपले नाव दिले : जूपिटरच्या जागी बृहस्पती, मार्सच्या जागी मंगळ, व्हीनसच्या जागी शुक्र. जर्मानिक लोकांनीही तेच केले. युद्धदेव मार्स याच्या जागी त्यांनी आपला ‘टिव’ बसविला आणि ‘ट्यूजडे’ झाला. मर्क्युरीच्या जागी ‘वोडेन’ येऊन ‘वेन्सडे’, गर्जना करणाऱ्या जूपिटरच्या जागी मेघगर्जनेचा देव ‘थूनोर’ किंवा ‘थॉर’ येऊन ‘थर्सडे’, आणि व्हीनसच्या जागी ‘फ्रिग’ देवी येऊन ‘फ्रायडे’ सिद्ध झाला. सूर्य आणि चंद्र यांना पर्यायी देवता शोधण्याची गरज नव्हती; ‘संडे’, ‘मंडे’ सरळ भाषांतरित झाले. शनीला मात्र त्यांच्या देवमंडळात जोड मिळाली नाही, म्हणून ‘सॅटरडे’ या शब्दात रोमन सॅटर्न आजही उघड दिसतो. आमचा गुरुवार आणि त्यांचा थर्सडे ही अशी एकाच ग्रहाची दोन भाषांतरे आहेत. कोणी कोणाचे घेतले, हा प्रश्नच येथे गैरलागू ठरतो. दोघांनीही तिसऱ्याचे घेतले.

घेतलेली वस्तू किती आपली होऊ शकते, याचे उदाहरण आपल्या बाजारांत आहे. नागपूरच्या इतवारी, बुधवारी, शुक्रवारी या वस्त्या आणि पुण्याच्या पेठा वारांच्या नावांनी ओळखल्या जातात. ‘इतवार’ किंवा ग्रामीण बोलीतील ‘आइतवार’ हा ‘आदित्यवार’चा अपभ्रंश आहे. खेड्यातील माणूस महिन्याची तारीख विसरेल, पण कोणत्या गावचा बाजार कोणत्या वारी, हे विसरणार नाही.

होरा, अवर आणि इयर

आता ‘अहोरात्र’ या शब्दाकडे वळू. ‘अहोरात्र’ यातील आद्य आणि अंत्य अक्षरे गाळून ‘होरा’ शब्द होतो, ही व्युत्पत्ती आधुनिक नाही. वराहमिहिराने सहाव्या शतकात ‘बृहज्जातका’त ती नोंदविली आहे. परंतु तेथेही हे ‘काहींचे’ मत म्हणून येते, याकडे आपण दुर्लक्ष करतो. त्याच ग्रंथात आणि त्या परंपरेत केंद्र, जामित्र, पणफर, आपोक्लिम असे शब्द आहेत. ते ग्रीकांतून आले, याविषयी अभ्यासकांत मतभेद नाही. एवढ्या ग्रीक परिभाषेच्या मध्यभागी बसलेला, वैदिक वाङ्मयात न आढळणारा ‘होरा’ हा एकच शब्द देशी मानणे ओढाताणीचे आहे. ग्रीक भाषेत ‘होरा’ हा शब्द होमरच्या काव्यांइतका जुना असून त्याचा तेथील अर्थ ऋतू, योग्य काळ असा आहे. दिवसाचा चोविसावा भाग हा अर्थ त्याला नंतर आला.

भाषाशास्त्राचा पुरावा याहूनही बोलका आहे. ग्रीक ‘होरा’तील आद्य ‘ह’ हा मूळच्या ‘य’पासून झालेला आहे. तोच ‘य’ इंग्रजीतील वर्षवाचक ‘इयर’ या शब्दात टिकून राहिला. म्हणजे ‘इयर’ आणि ‘अवर’ हे एकाच मूळ धातूचे वंशज आहेत : पहिला जर्मानिक घराण्यातून सरळ वारशाने आलेला, दुसरा ग्रीक, लॅटिन, जुनी फ्रेंच असा प्रवास करून इंग्रजीत पोहोचलेला. फ्रेंचमध्ये ‘ह’चा उच्चार लोपला होता, म्हणून इंग्रजीत तो लिहिला जातो, उच्चारला जात नाही. ‘अहन्’ या संस्कृत शब्दाला या वंशावळीत कोठेही जागा उरत नाही.

ध्वनिसाम्यावरून फसगत होण्याचे दुसरे ठळक उदाहरण म्हणजे ‘डे’. लॅटिन ‘दिएस’ आणि संस्कृत ‘दिवस’ हे सगोत्र आहेत. पण इंग्रजी ‘डे’ दिसावयास त्यांच्यासारखा असूनही त्या कुळातील नाही. उलट ज्यांच्याकडे आपले लक्ष जात नाही, ते शब्द खरे नातलग निघतात. ‘नाइट’ आणि संस्कृत ‘नक्त’ हे एकाच मुळाचे. रात्री एकदाच जेवण्याच्या ‘नक्त’ व्रतात तो शब्द मराठी घरांत जिवंत आहे. ‘मून’, ‘मन्थ’ आणि ‘मास’ यांचेही तसेच. चंद्रावरून महिना मोजणाऱ्या एका प्राचीन समाजाची ही सामाईक ठेव आहे. ‘सेप्टेंबर’ ते ‘डिसेंबर’ या नावांतील सात, आठ, नऊ, दहा तर शालेय विद्यार्थीही ओळखतो. रोमन वर्ष पूर्वी मार्चपासून सुरू होत असे, एवढे सांगितले की त्याची शंका फिटते.

वाजणारा काळ

दिवसाचे भाग मोजणाऱ्या शब्दांचा इतिहास हा साधनांचा इतिहास आहे. आपल्याकडे तळाशी बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी पाण्यात सोडत. ती बुडाली की एक घटका, म्हणजे चोवीस मिनिटे, भरली. घटका भरल्याचे गावाला कळावे म्हणून काशाच्या जाड थाळीवर टोला देत. बाबराने आपल्या आत्मवृत्तात हिंदुस्थानातील या व्यवस्थेचे, टोले देणाऱ्या घडियाळींचे आणि टांगलेल्या थाळीचे वर्णन केले आहे. ‘घड्याळ’ म्हणजे प्रथम ही थाळी. ‘तास’ या शब्दाचीही कथा अशीच. फारसी-अरबीत त्याचा अर्थ वाटी किंवा थाळी. त्यावरून टोल्याची थाळी, आणि थाळीवरून टोल्याने मोजलेला काळ. (कपाशीच्या ओळीला आपला शेतकरी ‘तास’ म्हणतो, तो शब्द निराळा.)

इंग्रजी ‘क्लॉक’ची व्युत्पत्ती पाहिली म्हणजे या साम्याचा उलगडा होतो. मध्ययुगीन लॅटिन ‘क्लोक्का’ म्हणजे घंटा. युरोपातील मठांत प्रार्थनेची वेळ घंटेने कळविली जाई. पुढे यांत्रिक घड्याळ आले तेही प्रथम टोले देण्यासाठीच. ‘ओ’क्लॉक’ हा ‘ऑफ द क्लॉक’ याचा संक्षेप, म्हणजे शब्दशः ‘घंटेप्रमाणे’. मराठी माणूस तर मनगटावरच्या मुक्या घड्याळाकडे पाहूनही ‘किती वाजले?’ असेच विचारतो. हा वाक्प्रचार काही इंग्रजीचे भाषांतर नव्हे. घटकापात्राच्या थाळीचा आवाज त्यात अजून ऐकू येतो.

‘मिनिट’ आणि ‘सेकंद’ हे शब्द विद्वानांच्या टेबलावर तयार झाले. वर्तुळाच्या अंशाचे साठ भाग केले की ‘पहिला सूक्ष्म भाग’, त्याचे पुन्हा साठ केले की ‘दुसरा सूक्ष्म भाग’, अशी लॅटिन परिभाषा होती. त्यातील ‘सूक्ष्म’ या विशेषणाचे ‘मिनिट’ झाले आणि ‘दुसरा’ या विशेषणाचे ‘सेकंद’. साठाने भागण्याची ही रीत बाबिलोनची. आपल्या घटका, पळे, विपळे यांतही तीच आहे. तेव्हा ‘मिनिटा’ऐवजी ‘पळ’ म्हणावे, ही सूचना मोजमापाच्या दृष्टीने अडचणीची (पळ चोवीस सेकंदांचे होते) आणि शुद्धतेच्या दृष्टीने निरर्थक आहे.

‘नून’ हा शब्द मला सर्वांत मनोरंजक वाटतो. लॅटिन ‘नोना’ म्हणजे नववी. सूर्योदयापासून नववा तास, अर्थात दुपारी तीनच्या सुमारास. मठांतील नवव्या तासाची प्रार्थना आणि त्यानंतर सोडावयाचा उपवास हळूहळू अलीकडे सरकत गेला, असे याचे कारण सांगितले जाते. आणि तिनाचा शब्द बाराला चिकटला. आपल्या ‘दुपार’ या शब्दाने मात्र प्रामाणिकपणा राखला आहे. दोन प्रहर उलटले की दुपार.

आठवडा, उद्या आणि काल

थोडे मोजण्याच्या सवयींविषयी. इंग्रजी ‘फोर्टनाइट’ म्हणजे चौदा रात्री. जर्मानिक लोक दिवसांऐवजी रात्री मोजत, अशी नोंद रोमन इतिहासकार टॅसिटसने केली आहे. आपण त्याच कालखंडाला ‘पंधरवडा’ म्हणतो, आणि सात दिवसांच्या चक्राला ‘आठवडा’. पहिला व शेवटचा दोन्ही वार धरून मोजले की सोमवार ते सोमवार आठ होतात. रोमन लोकही आठ दिवसांनी भरणाऱ्या बाजाराला ‘नववा’ या अर्थाचे नाव देत. ‘आठवडी बाजार’ म्हणताना आपण त्याच रीतीने मोजत असतो.

‘टुमॉरो’ यातील ‘मॉरो’ म्हणजे सकाळ. जुन्या मराठी कागदपत्रांत ‘उदयीक’ येतो, त्याचा संबंध उदयाशी. आजचे ‘उद्या’ त्याच घरचे. ‘काल’ हा शब्दही पहाटवाचक ‘कल्य’ या संस्कृत शब्दापासून आलेला आहे. हिंदीत त्याचा ‘कल’ होऊन तो मागे-पुढे दोन्हीकडे लागतो. मराठीने मात्र त्याला भूतकाळात बांधून ठेवले.

इंग्रजी वेळ वऱ्हाडात

१८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आला, तेव्हा येथील लोकांच्या जिभेवर कालगणनेच्या तीन परंपरा आधीपासूनच नांदत होत्या. तिथी, नक्षत्रे, प्रहर ही संस्कृत परंपरा. साल, हप्ता, रोज, वखत, हंगाम ही फारसी-अरबी. आणि आठवडा, दुपार, उद्या ही मराठीची स्वतःची घडण. निजामाच्या कारभारातील ‘फसली’ सन अरबी ‘फस्ल’ म्हणजे हंगाम या शब्दावरून आला. खरीप म्हणजे अरबीत शरद ऋतू, रब्बी म्हणजे वसंत. इंग्रजी ‘सीझन’ हा शब्दही मुळात पेरणीवाचक लॅटिन शब्दापासून आला आहे. दर्यापूरच्या खारपाणपट्ट्यातील शेतकरी आजही पावसाची वाट मृग आणि आर्द्रा या नक्षत्रांवरून पाहतो, पीक खरिपाचे घेतो, आणि हे करताना आपण संस्कृत व अरबी यांची सरमिसळ करीत आहोत, असे त्याला चुकूनही वाटत नाही. मग ‘टाइम’ तेवढा परका का मानावा?

इंग्रजी शब्दांबरोबर एक गोष्ट मात्र खरोखर नवी आली : स्थानिक आकाशापासून तुटलेली वेळ. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे भुसावळहून अकोला, बडनेरा या मार्गाने १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली. दर्यापूरचे रेखांश सुमारे ७७ अंश २० कला आहेत. रेल्वेने त्या शतकात देशभर प्रमाण मानलेली मद्रासची वेळ दर्यापूरच्या सूर्यापेक्षा सुमारे बारा मिनिटे पुढे होती. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली आणि हे अंतर सुमारे एकवीस मिनिटांचे झाले. मुंबई शहराने आपली निराळी वेळ १९५५ पर्यंत हट्टाने जपली. वऱ्हाडातील गावांना असा हट्ट परवडण्यासारखा नव्हता, कारण कापसाच्या गाठी गाडीच्या वेळेवर जात. मूर्तिजापूर–अचलपूर ही दर्यापूरवरून जाणारी अरुंद मार्गाची ‘शकुंतला’ आता बंद आहे, पण ‘टाइम’, ‘लेट’ आणि ‘टेशन’ हे शब्द बोलीत मागे राहिले आहेत. घटका पाण्याने आणि प्रहर सूर्याने मोजला जाई. गाडीचा ‘टाइम’ दुसऱ्या गावाहून तारेने येत असे. शब्दाच्या परकेपणापेक्षा हा बदल कितीतरी मोठा होता, आणि त्याचा इतिहास अजून कोणी सविस्तर लिहिलेला नाही.

‘कॅलेंडर’ या शब्दाने शेवट करतो. रोमन महिन्याचा पहिला दिवस म्हणजे ‘कॅलेंडी’. त्या दिवशी कर्जाचे व्याज देणे येई, म्हणून सावकाराच्या खतावणीला ‘कॅलेंडारियम’ म्हणत. आपल्या भिंतीवरचे कॅलेंडर हे त्या वहीचे वंशज आहे. भारतात सरकारी आर्थिक वर्ष १ एप्रिलपासून धरण्याची रीत १८६७ मध्ये सुरू झाली, आणि पीककर्जाची परतफेड ३१ मार्चपर्यंत करावयाची असते. बँकेच्या भाषेत तो ‘मार्च एंडिंग’. मार्च म्हणजे मार्सचा महिना, आपल्या मंगळाचा. वऱ्हाडात सालदाराचे साल मात्र गुढीपाडव्याला ठरते, आणि पाडवा बहुधा याच सुमारास येतो. ‘सालदार’ हा शब्द फारसी, पाडवा ‘प्रतिपदा’ या संस्कृत शब्दापासून झालेला, आणि मालक ज्या तारखेच्या धास्तीने त्याची आगाऊ रक्कम ठरवितो, ती ३१ मार्च ही तारीख रोमन.